बोडरुमहून गुलेट भाड्यानं घ्यावी का?

संत्रापट्टा_वरूड: राम राम मंडळी. बाबांनी उभा जन्म गावच्या शाळेत इतिहास शिकवला, पण समुद्र पाह्यला नाही. त्यांना जुन्या व्यापारी जहाजांच्या वाटेनं शिडाच्या जहाजावर न्यायचंच आहे. मृग बहार उतरला की मे महिन्यात आम्ही मोकळे असतो. तुर्कस्तानात बोडरुम बंदरातून खलाशांसकट गुलेट, म्हंजे शिडाची लाकडी बोट, मिळते म्हणतात. मे चालंल का? आई शाकाहारी आहे अन् पोहता कोणालेच येत नाही.

अचलपूरचा_खलाशी: दादा, मे उत्तम. जुलै-ऑगस्टात तिथल्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वारा जोरात वाहतो, नवख्याला तो सोसत नाही. गुलेट लाकडी अन् रुंद असते, पण बहुतेक वेळ इंजिनावरच चालते. बाबांना शीड फुगलेलं पाहायचं असेल तर करारातच लिहून घ्या. डिझेल, बंदराचं शुल्क, जेवण भाड्यात धरलंय का, तेही. आईची काळजी नको. ऑलिव्ह तेलातली वांगी, भेंडी, दही तिकडं रोजचंच. लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांच्या मापाची मागा.

जुनी_नाणी: बोडरुमचा किल्ला बाबांना सावकाश दाखवा, घाई करू नका. तिथल्या पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या संग्रहालयात उलुबुरून जहाजाचा माल आहे. इसवी सनापूर्वी 14व्या शतकात बुडालेलं हे जहाज 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला दिसलं. त्यात सुमारे 10 टन तांबं अन् 1 टन कथील होतं, म्हणजे कांसं ओतायचं नेमकं प्रमाण! केकोवा बेटाजवळचं पाण्यात बुडालेलं जुनं शहर पाहायचं असेल तर फेथिये बंदरातून निघणारी फेरी घ्या, बोडरुमहून ते लांब पडतं.

संत्रापट्टा_वरूड: लय उपकार जी. बाबांना वाचून दाखवलं, आता ते फेथियेच म्हणतात. किल्ला आधी रस्त्यानं जाऊन पाहू.