फुटबॉलबरोबर दुसरा खेळ: आपले आणि आपल्या मुलांचे अनुभव

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आम्ही कोल्हापूरचे असल्यामुळे फुटबॉल त्याच्याकडे गल्लीतूनच आला. धावणे मात्र दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांमुळे सुरू झाले आणि आता तो १५०० व ३००० मीटरच्या शर्यतींतही उतरतो. अडचण अशी की पावसाळा ओसरताना शालेय फुटबॉल आणि शालेय मैदानी स्पर्धा जवळजवळ एकाच वेळी येतात आणि त्या संपतात न संपतात तोच शाहू स्टेडियमवरचा स्थानिक हंगाम सुरू होतो. गेल्या महिन्यापासून गुडघ्याच्या वाटीखाली दुखते असे तो सांगतो, तरीही दोन्हींपैकी काहीच सोडायला तयार नाही. ज्यांनी स्वतः त्या वयात दोन खेळ स्पर्धेच्या पातळीवर खेळले, किंवा ज्यांची मुले खेळतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘एकच काय ते निवडा’ हा सल्ला मला बहुतेकांनी दिला आहे. त्यामागचा अनुभव कोणीच सांगितलेला नाही.

माजी खेळाडू, सध्या शिक्षक, कोल्हापूर

आपल्याकडे फुटबॉल आणि कुस्तीचे नाते जुनेच आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या फुटबॉल संघांच्या नावांतच ‘तालीम’ आहे. मी पहाटे आखाड्यात जोर-बैठका काढून संध्याकाळी फुटबॉल खेळत असे आणि बचावपटू म्हणून मला कुस्तीने जे दिले ते कोणत्याही फुटबॉल सरावाने दिले नसते, असे आजही मला वाटते. धक्का बसला तरी पाय जमिनीवरून कसा सुटू द्यायचा नाही, पडताना हात न टेकता अंग कसे वळवायचे आणि समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हे त्याच्या कमरेकडे पाहून कसे ओळखायचे, हे सगळे मी मातीत शिकलो.

पण कुस्तीत वजनगट असतो आणि तेथेच माझे गणित चुकले. सतरा वर्षांखालील एका स्पर्धेसाठी मी तीन दिवसांत जवळजवळ चार किलो वजन उतरवले. पाणी तोडले, अंगावर जाड कपडे घालून धावलो. कुस्ती जिंकलो. तिसऱ्या दिवशी फुटबॉलचा सामना होता आणि उत्तरार्ध सुरू होताच दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की मला उचलून बाहेर न्यावे लागले. वस्तादांना सामन्याची कल्पना नव्हती आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांना मी वजन उतरवल्याचे माहीत नव्हते. दोघेही माझ्यावर जीव लावणारे होते, पण त्यांची एकमेकांशी भेट कधी झालीच नव्हती. आज माझ्या शाळेतला एखादा मुलगा दोन्हीकडे खेळत असेल, तर पहिला फोन मी दुसऱ्या प्रशिक्षकांना करतो.

खो-खो आणि फुटबॉल खेळलेली, सांगली जिल्हा

माझ्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक मुली खो-खोच्याच होत्या. पाठलाग करताना खांबाला वळसा घालण्याची आणि संरक्षणात हुलकावणी देण्याची सवय असल्यामुळे आम्हाला चेंडू नीट थांबवता येत नसतानाही कोणी पकडू शकत नसे. ते दिवस फार आनंदाचे होते आणि पुढचे लिहिताना तो आनंद पुसला जाऊ नये असे वाटते.

मी सोळा वर्षांची असताना शनिवार-रविवारी फुटबॉलचे तीन सामने खेळले आणि सोमवारी खो-खोच्या निवड चाचणीला गेले. मैदान कोरडे आणि टणक होते. दिशा बदलताना पाय रोवला गेला, गुडघा आत वळला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा धावायला लागेपर्यंत शाळेचे एक वर्ष निघून गेले. वयात येणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते, हे मला नंतर कळले. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘११ प्लस’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम नियमित केला तर अशा दुखापती बऱ्याच कमी होतात, हेही नंतरच कळले. ‘सोमवारी थांब’ असे म्हणणारे एक माणूस मला हवे होते. दोन्ही खेळ खेळू देणाऱ्या आई-वडिलांना मी आजही दोष देत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञ, पुणे

धागाकर्त्यांच्या मुलाची तपासणी झाल्याशिवाय काही सांगणे योग्य नाही, तरी या वयात वाटीखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ऑसगुड-श्लॅटर या वाढीच्या वयातल्या दुखण्याची शक्यता आम्ही आधी पाहतो. हाड झपाट्याने वाढत असताना मांडीच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या हाडाला जेथे जोडलेला असतो तेथे वारंवार ओढ बसते. धावणे, उड्या आणि चेंडू मारणे या तिन्हींत तीच ओढ असते, म्हणून फुटबॉल आणि लांब पल्ल्याचे धावणे हे दोन खेळ दिसायला निराळे असले तरी त्या जागेच्या दृष्टीने एकच आहेत. सोबत पोहणे असते तर मी इतके आग्रहाने लिहिले नसते. आठवड्यातल्या संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातला साधा ठोकताळा मी पालकांना सांगते. शिवाय आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी.

एक आई, न्यू जर्सी

येथील शाळांमध्ये सॉकर शरद ऋतूत आणि ट्रॅक वसंत ऋतूत असतो, त्यामुळे शाळेपुरते पाहिले तर दोन खेळ सहज मावतात. प्रश्न शाळेबाहेरच्या क्लबचा असतो, कारण तो जवळजवळ वर्षभर चालतो. २०१२ नंतर देशपातळीवरच्या मुलांच्या अकादमी व्यवस्थेने दहा महिन्यांचा हंगाम ठेवून शालेय संघाकडून खेळण्यास मनाई केली होती. ती व्यवस्था २०२० मध्ये बंद झाली. माझा मुलगा त्या काळात तेथे निवडला गेला होता आणि आम्ही नकार दिला, कारण त्याला ४०० मीटर धावायचे होते आणि मित्रांबरोबर शाळेचा शर्टही घालायचा होता. कित्येक रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. तो पुढे व्यावसायिक खेळाडू झाला नाही. पंचविशीतही दर आठवड्याला खेळतो.

फोंडा, गोवा

फुटबॉलमध्ये बचावपटू आणि व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉकर असलेल्या माझ्या भाचीचे हात पेनल्टी क्षेत्रात आपोआप वर जात, त्यावरून दोनदा पेनल्टी गेली. हात पाठीमागे धरून उडी घेण्याचा वेगळा सराव तिला करावा लागला. हेडिंगसाठी उडीची अचूक वेळ मात्र तिला व्हॉलीबॉलनेच दिली.

जुना वाचक, मुंबई

चुनी गोस्वामींचे उदाहरण येथे हमखास निघेल. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते आणि १९७१-७२ मध्ये रणजी अंतिम सामन्यात बंगाल क्रिकेट संघाचेही. पण तेव्हा कलकत्त्याचा फुटबॉल पावसाळ्यात आणि क्रिकेट हिवाळ्यात असे, हे विसरू नये. ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीने २००७ मध्ये सोळाव्या वर्षी दोन्ही खेळांत देशासाठी पदार्पण केले आणि २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकातही ती खेळली, तरी पुढे ती क्रिकेटचीच झाली. तेव्हा मुलाची गुणवत्ता जोखण्याआधी दोन्ही खेळांची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावीत.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे वाचून मी दोन्ही सरांना घरी बोलावले. एकाच शहरात राहून ते पहिल्यांदाच समोरासमोर बसले होते. दोघांच्या सरावाचे तास एकाच वहीत मांडले तेव्हा आठवड्याची बेरीज एकोणीस निघाली. त्यांनी आपापसांत ठरवून ३००० मीटर या वर्षापुरते सोडले, फुटबॉलच्या सरावातल्या मैदानाच्या फेऱ्या त्याच्यासाठी बंद केल्या आणि गुरुवार मोकळा ठेवला. गुडघ्याची तपासणी परवा आहे. रात्री मुलाने स्वतःहून ती वही मागून घेतली आणि खाली एक ओळ वाढवली, जी आम्हा तिघांपैकी कोणाच्याही हिशेबात नव्हती: रविवार, गल्लीत, दोन तास.