मदत हवी आहे: गुंठेवारीतल्या घरावर मजला चढवायचाय, परवानगीची सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

पुणे महापालिकेत २०१७ साली जी अकरा गावं आली, त्यातल्या एका गावात आमचं घर आहे. वडिलांनी १९९६ मध्ये एका शेतकऱ्याकडून दीड गुंठा घेतला (शेतजमिनीचे असे तुकडे मंजुरीशिवाय पाडून विकणं म्हणजेच गुंठेवारी) आणि दोन वर्षांनी तिथे तीन खोल्या बांधल्या. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. गेल्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं, घर अपुरं पडायला लागलं, म्हणून वर एक मजला घ्यायचं ठरलं.

बँकेत कर्जाची चौकशी केली तर त्यांनी आधी मंजूर नकाशा मागितला. वडिलांची फाइल काढून बसलो. खरेदीखत आहे. सातबारा आहे, पण त्यावर आमच्याबरोबर आणखी नऊ जणांची नावं सामाईक. घरपट्टीच्या पावत्या आणि जुनी वीजबिलं वर्षावार लावून ठेवलेली. आणि ग्रामपंचायतीचा एक दाखला: "सदर जागेत घर बांधणेस हरकत नाही", खाली गोल शिक्का. नकाशा नाही, शेतजमीन घरासाठी वापरायला लागतो तो अकृषिक आदेश नाही. इतकी वर्षं आम्ही त्या दाखल्यालाच बांधकाम परवानगी समजत होतो. वडीलही तेच समजत. २०१९ मध्ये ते गेले. त्यांनी कुणाला चुकवून काही केलेलं नाही हे मला इथे लिहावंसं वाटतं. गल्लीत सगळ्यांनी असाच दाखला घेतला आणि घर बांधलं.

आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "दादा, दीडशे मीटरच्या आत परवानगी लागतच नाही. स्लॅब टाकून घेऊ, पुढचं पुढे बघू." शेजारीही तेच सांगतात. माझं मन मानत नाही, कारण दोन गल्ल्या सोडून एका कुटुंबाला वरचा मजला पूर्ण झाल्यावर नोटीस आली आणि त्यांचं सगळं कर्ज त्या मजल्यात अडकलेलं आहे. त्या काकूंचा चेहरा रोज दिसतो.

मी जेवढं वाचलं त्यावरून असं दिसतं. राज्याची बांधकामांसाठीची जी एकात्मिक नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत आहे खरी, पण "काहीच लागत नाही" अशी नाही. नकाशा आणि कागद दाखल करून शुल्क भरायचं, त्याची पोच म्हणजेच परवानगी. आणि आमचा दीड गुंठा भरतो १५१.७५ चौरस मीटर! पावणेदोन मीटरने आम्ही त्या गटाबाहेर जातो.

तर मला विचारायचंय ते हे. तो ग्रामपंचायतीचा दाखला आज काही कामाचा आहे का? खालचं घरच नियमित नसेल तर वरच्या मजल्याचा अर्ज घेतात का? सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, त्याने अडेल का? आणि पहिल्यांदा कुणाकडे जावं: आर्किटेक्टकडे, तलाठ्याकडे की थेट महापालिकेत?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

मी परवानाधारक अभियंता आहे, अशा फायली रोज हाताळतो. एकेक करून सांगतो.

ग्रामपंचायतीचे अधिकार गावठाणापुरते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर तेव्हा परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागे, २०१५ नंतर पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि तुमचं गाव आत आल्यापासून महापालिकेकडून. त्यामुळे तो दाखला परवानगी होत नाही. घरपट्टीचंही तेच. बेकायदा बांधकामावर कर आणि शास्ती (दंड) वसूल केली म्हणून ते नियमित झालं असं समजू नये, हे महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्येच लिहिलेलं आहे. लोक पावत्यांची थप्पी घेऊन येतात तेव्हा हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

पण त्या पावत्या, वीजबिलं आणि तो दाखला जपून ठेवा. तुमचा रस्ता गुंठेवारी नियमितीकरणाचा आहे. मूळ कायदा २००१ चा, तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड धरले होते. २०२१ च्या सुधारणेने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. घर त्याआधीचं आहे हे दाखवायला हेच कागद लागतात. प्रशमन शुल्क (झालेलं उल्लंघन मिटवून घेण्याची रक्कम) आणि विकास शुल्क भरावं लागेल. मात्र त्याआधी महापालिकेतून झोन दाखला काढा, म्हणजे विकास आराखड्यात तुमची जागा कशासाठी दाखवली आहे ते कळेल. जागेवर आरक्षण किंवा विकास आराखड्यातला रस्ता आला तर सगळं गणित बदलतं, आणि ते आर्किटेक्टची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

आधी तलाठ्याकडे वारस नोंद. आई, तुम्ही दोघे आणि बहीण असेल तर तीही. तिच्या सहीशिवाय पुढे सरकू नका, मागाहून फार कटुता येते. मग मोजणी. सामाईक सातबाऱ्यावर पोटहिस्सा (त्यातला तुमचा वेगळा तुकडा) मोजायला सहहिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न येतो, म्हणून शक्य असेल तर गल्लीतले दहाही जण एकत्र अर्ज करा. खर्च वाटला जातो आणि अंतर्गत रस्ताही एकदाच नकाशावर येतो.

भूखंड नियमित झाला की वरच्या मजल्याचा अर्ज. १५० ते ३०० चौरस मीटरच्या गटात तांत्रिक व्यक्तीच्या (परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या) दाखल्यावर १० दिवसांत परवानगी द्यावी अशी तरतूद आहे, तेव्हा ते पावणेदोन मीटर मनाला लावून घेऊ नका. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला मिळणारी मंजुरी) घ्यायला विसरू नका. पुष्कळ लोक परवानगी घेतात आणि तिथेच थांबतात.

"आधी बांधा" म्हणणाऱ्याला एवढंच सांगा, की नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैदेची आहे आणि ती बांधून घेणाऱ्याला होऊ शकते तशी बांधणाऱ्यालाही. त्या काकूंनाही माझा निरोप द्या. कलम ५३ ची (विनापरवाना बांधकाम पाडण्याची) नोटीस आली तरी नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. मुदत गेली नसेल तर आजच वकील गाठा.

प्रतिसाद २

कागदांचं वर आलंच आहे, मी घराचं सांगते. आमचंही असंच, कॉलम नसलेलं, भिंतींवर उभं असलेलं घर होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कोपऱ्यात चाचणी खड्डा घ्यायला लावला तेव्हा कळलं, पाया जेमतेम तीन फूट आणि खाली काळी माती. वरचा मजला त्या भिंतींवर टाकला असता तर काय झालं असतं या विचाराने आजही धडधडतं. शेवटी बाहेरून नवे कॉलम जमिनीपासून उचलले. नकाशा काढायच्या आधी खड्डा घ्या. कॉलम आले की सामासिक अंतरं (घर आणि हद्द यांच्यात सोडायची जागा) बदलतात आणि नकाशा पुन्हा काढावा लागतो. आम्ही दोनदा काढला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिला प्रतिसाद प्रिंट काढून आईला वाचून दाखवला. काकूंकडे काल रात्रीच गेलो होतो. नोटिशीची मुदत संपायला सहा दिवस आहेत, त्यांचा मुलगा आज वकिलाकडे गेलाय.

ताई शनिवारी कोल्हापूरहून येतेय, सोमवारी चौघं मिळून वारस नोंदीचा अर्ज देतो. गल्लीतली चार घरं एकत्र यायला तयार झाली आहेत, बाकीच्यांशी रविवारी बोलणार. कॉन्ट्रॅक्टरला थांबायला सांगितलंय, विटांचा आगाऊ दिलेला ऑर्डर रद्द केला. आणि खड्ड्यासाठी माणूस मिळाला, स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात घेतोय.

फाइल पुन्हा लावायला घेतली आहे. तो गोल शिक्क्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यात वर ठेवलाय, घर १९९८ चं आहे याचा पहिला पुरावा म्हणून.