'ले ओर्मे' बघितला, शेवट डोक्यावरून गेला (स्पॉयलर आहेत)

रात्रपाळी:
काल जेवणं आवरल्यावर लुइजी बात्झोनीचा इटालियन सिनेमा 'ले ओर्मे' लावला, १९७५ चा. नावाचा अर्थ पाऊलखुणा. जाल्लो (इटालियन खूनरहस्यपट) आहे म्हणून लावला, म्हणजे काळे हातमोजे, वस्तरा, चार मुडदे आणि शेवटी खुनी कोण ते कळणार असं धरून बसले, तर तसलं काहीच नाही! ॲलिस नावाची रोममधली भाषांतरकार बाई, एक दिवस कळतं की मधले तीन दिवस गायब, कुठे होते काय केलं काही म्हणजे काही आठवत नाही. घरात गार्मा नावाच्या ठिकाणच्या हॉटेलचं फाटलेलं पोस्टकार्ड सापडतं, कपाटात रक्ताचा डाग पडलेला पिवळा ड्रेस. ती तिकडे जाते तर एक छोटी पोरगी तिला निकोल समजते, म्हणे तुझे केस तर लाल होते ना. इथवर मी अंगावर पांघरूण घेऊन बसलेले. आणि मग शेवटी समुद्रकिनाऱ्यावर अंतराळवीर??? सगळं स्वप्नच होतं का? दोन वाजेपर्यंत जागलेय, कोणीतरी समजावा.

जुनी_रिळं:
स्वप्न नाही हो. ॲलिसने लहानपणी एक सिनेमा अर्धवट बघितलेला असतो, चंद्रावर एका माणसाला मुद्दाम मरायला सोडून देतात तो, आणि भीतीने ती उठून निघून आलेली असते. तोच तिच्या डोक्यात अडकलाय. तेव्हा किनाऱ्यावरचे अंतराळवीर आपल्याला दिसतात ते तिच्या नजरेतून. खुनी शोधायला गेलात तर हात रिकामेच राहणार, इथे तपास करणारी आणि जिचा तपास चाललाय ती, दोघी एकच. परत बघाल तेव्हा त्या पोरीकडे नीट बघा, निकोलेत्ता एल्मी, त्याच वर्षीच्या दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोच्या 'प्रोफोन्दो रोस्सो'मध्ये पण आहे. ही पोरगी दिसली की समजायचं काहीतरी वाईट होणार.

बटाटेभात:
मला तर झोप आली खरं सांगायचं तर. नट क्लाउस किन्स्कीचं नाव बघून बसलो तर तो इनमिन दोन मिनिटं. आर्जेंतोचा 'सुस्पिरिया' बघा त्यापेक्षा, निदान रंग आणि गॉब्लिन बँडचं म्युझिक तरी कानाखाली वाजवल्यासारखं येतं.

जुनी_रिळं:
बटाटेभात, रंगांचं म्हणत असाल तर याचा कॅमेरा वित्तोरिओ स्तोरारोचा आहे, पुढे 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी ऑस्कर मिळालेला माणूस. रोममधलं तिचं घर, ऑफिस कसं गार, पांढुरकं, दवाखान्यासारखं वाटतं बघा आणि गार्माचं बरंचसं शूटिंग तुर्कस्तानातलं, तिथे उन्हं, जुने पडके दगड, ते मोराचं रंगीत काचकाम. सुस्पिरिया ओरडून घाबरवतो, हा कानात कुजबुजतो. असो, ज्याची त्याची आवड.

कोपऱ्यातली_खुर्ची:
एक मुद्दा राहिला, आवाज. तेव्हा इटलीत बहुतेक सिनेमे नंतर डब करायचे, नट सेटवर आपापल्या भाषेत बोलले तरी चालायचं. ॲलिस झालेली फ्लोरिंडा बोल्कान तर मूळची ब्राझीलची. त्यामुळे ओठ एकीकडे आणि आवाज किंचित बाजूने आल्यासारखा वाटतो, एरवी मला याचा वैताग येतो पण इथे बाईचा स्वतःवरच भरवसा नाही तर ते फिट्ट बसलंय.

रात्रपाळी:
अय्या, आवाजाचं मला वाटलं माझे हेडफोनच बिघडलेत, मी दोनदा काढून घातले 😄 अर्धवट सोडलेल्या सिनेमाचं तर लक्षातच आलं नव्हतं, तेव्हा मी चहा टाकायला उठले होते. आज परत लावते, पण दुपारी.