तारण शेड आणि मशीनचा लिलाव: मनाई हुकूम कुठून आणायचा?

भोसरी_जॉबवर्क: एमआयडीसीतली शेड आणि दोन सीएनसी मशीन सहकारी बँकेकडे तारण आहेत, बाकी 80 लाख. सरफेसी कायद्याच्या (बँकेला दिवाणी दावा न लावता तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम 13(2) ची, कर्ज फेडा म्हणणारी, नोटीस झाली, मग कलम 14 खाली कोर्ट कमिशनरने (इथे सगळे त्यांना रिसीव्हरच म्हणतात) ताबा घेतला. विक्रीची नोटीस 3 तारखेला हातात पडली, ई-लिलाव त्याच महिन्याच्या 25 ला. दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळेल का? गिऱ्हाइकाच्या दोन डायही (माल घडवायचे साचे) आत अडकल्या आहेत.

वकिली_पुणे: दिवाणी कोर्टाच्या वाटेला जाऊ नका. सरफेसीच्या कलम 34 ने तो दरवाजा बंद आहे. निव्वळ फसवणुकीच्या आरोपापुरती फट मार्डिया केमिकल्सच्या 2004 च्या निकालाने ठेवली, पण ती फार बारीक. सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही हा मुद्दाही आता चालत नाही, मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात 2020 मध्ये घटनापीठाने तो निकालात काढला. लोक दावा लावून तारखा घेत बसतात आणि तिकडे लिलाव उरकतो.

जागा एकच: पुण्याचं कर्ज वसुली न्यायाधिकरण, कलम 17 चा अर्ज, ज्या कारवाईला आव्हान द्यायचं तिच्यापासून 45 दिवसांत. कर्जदाराला फी 10 लाखांपर्यंत 5,000 आणि पुढच्या प्रत्येक लाखाला 250, म्हणजे तुम्हाला 22,500. मूळ अर्जाबरोबर स्थगितीचा वेगळा अंतरिम अर्ज लावा, नुसता मूळ अर्ज पडून राहिला तर लिलाव थांबत नाही. लिलावाची तारीख दाखवून तातडीची सुनावणी मागा.

तुमचा खरा मुद्दा तारखांचा आहे. 3 ते 25 म्हणजे 22 दिवस. सरफेसीच्या नियमांत स्थावरासाठी नियम 8(6) आणि जंगमासाठी नियम 6(2), दोन्हींत कर्जदाराला 30 दिवसांची नोटीस लागते. मात्र आधी एक लिलाव फसला असेल तर स्थावराच्या फेरविक्रीला 15 दिवस पुरतात, तेवढं आधी तपासा. नोटिशीचं पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का हाच पुरावा.

निवृत्त_वसुली: वकीलसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याने मिळतो तो जेमतेम महिना. बँक नवी नोटीस काढते आणि पुन्हा तेच. त्या महिन्यात पैसे उभे करायचे.

'राखीव किंमत (लिलावातली किमान किंमत) कमी धरली' एवढ्यावर स्थगिती सहसा मिळत नाही, पैशाने भरून निघणारं नुकसान म्हणून बाजूला पडतं. स्वतःचा मूल्यांकन अहवाल जोडला तरच त्यात दम येतो. कलम 17 ला आधी रक्कम भरायची सक्ती नाही, पण न्यायाधिकरण बहुतेक वेळा काही रक्कम भरण्याच्या अटीवरच स्थगिती देतं. झेपेल तेवढंच कबूल करा. तारीख चुकली की स्थगिती गेलीच समजा. पुढे अपिलात थकबाकीचे 50 टक्के भरावे लागतात, फार तर 25 पर्यंत उतरतात.

आणखी एक. 'लिलावाच्या आदल्या दिवशी सगळे पैसे भरून सोडवू' या भरवशावर राहू नका. 2016 च्या दुरुस्तीनंतर कलम 13(8) खाली तो हक्क लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच टिकतो. बाफना मोटर्सच्या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं.

डाय_पॅटर्न: डायचं सांगतो. ताब्याच्या वेळी झालेल्या पंचनाम्याची आणि यादीची प्रत मागून घ्या आणि तारणखताच्या परिशिष्टाशी ओळीओळीने ताडून पाहा: मेक, मॉडेल, सिरीयल नंबर. डाय यादीत 'इतर सामान' म्हणून घुसवल्या असतील तर गिऱ्हाइकाने स्वतः हरकत घ्यावी, त्याचं डिलिव्हरी चलन आणि डायवर कोरलेला नंबर जोडून. कलम 17 खाली कर्जदाराशिवाय इतर बाधित माणूसही अर्ज करू शकतो. तुम्ही त्याच्या वतीने भांडलात तर ते वजन पडत नाही.

आणि तो कमिशनर विकत नाही, ताबा देऊन मोकळा होतो. विकतो तो बँकेचा प्राधिकृत अधिकारी, म्हणून प्रतिवादी बँक. दिवाणी दाव्यात कोर्टाने नेमलेला रिसीव्हर असता तर त्याच कोर्टात अर्ज करावा लागला असता. त्या कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याच्यावर वेगळा दावा चालत नाही.

भोसरी_जॉबवर्क: आभारी आहे. एका पतसंस्थेचंही कर्ज आहे, ते याच अर्जात घालता येईल?

वकिली_पुणे: नाही. पतसंस्था बँक नाही, तिला सरफेसी नाही. तिची वसुली सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्यावर आणि नियम 107 ने चालते. त्या दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण (वरिष्ठांकडून फेरतपासणी), मुदत दोन महिने, आणि त्याआधी वसुलीपात्र रकमेच्या 50 टक्के संस्थेत भरावे लागतात.