महाडचा क्रांतिस्तंभ आणि १९२७ चा हक्कांचा जाहीरनामा

प्रश्न: नुकतीच महाडला चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ ही दोन्ही स्थळे पाहिली. तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला हे मुलीला समजावता आले, परंतु स्तंभाविषयी ‘मनुस्मृतिदहनाची आठवण’ याहून अधिक काही सांगता आले नाही. ते दहन झालेल्या डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेतच हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला होता, असे वाचल्याचे स्मरते. त्यात काय होते आणि फ्रेंच राज्यक्रांतीशी त्याचा खरोखर संबंध आहे का?

प्रतिसाद १: संबंध ओढूनताणून जोडलेला नाही, २५ डिसेंबर १९२७ च्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच महाडच्या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. जाहीरनाम्यातील कलमे त्या सभेच्या घोषणापत्राशेजारी ठेवून वाचली, की नाते लगेच ध्यानात येते. सर्व हिंदूंचा सामाजिक दर्जा जन्मतः समान असून तो मरेपर्यंत समानच राहतो, सर्व सत्तेचा उगम जनतेत आहे, आचार आणि उच्चार यांचे स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क असून त्याला मर्यादा फक्त इतरांच्या तशाच हक्काची आहे, आणि कायदा म्हणजे ठरावीक व्यक्तींची आज्ञा नव्हे, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते शेवटचे कलम सर्वांत धारदार आहे, कारण मनूचा अधिकार नाकारण्याचे कारण त्यातच सांगितले आहे. ग्रंथ जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही मुलीला अवश्य सांगा.

प्रतिसाद २: ‘सर्व माणसे’ न म्हणता ‘सर्व हिंदू’ म्हटले, हे मला पूर्वी खटकत असे. पण ज्या समाजात माणसाला तळ्याचे पाणी नाकारले जात होते, त्याच समाजाला उद्देशून केलेली ती मागणी होती. शिवाय ‘मानवाचे’ हक्क घोषित करणाऱ्या फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार १९४४ साली मिळाला.

प्रतिसाद ३: एक गोष्ट जोडतो. परिषदेच्या तोंडावर दिवाणी न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली होती आणि परिषदेने पुन्हा करायचे ठरलेला सत्याग्रह तहकूब करून ती पाळली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा मुंबई विधिमंडळाचा बोले ठराव १९२३ चा आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा, तरी मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.