सिएटलचा डिसेंबर : तेवीस दिवस राहिलो, पण शहर मनात भरले नाही

टिळकवाडीकर

गेल्या डिसेंबरमध्ये मी आणि माझी पत्नी मुलीकडे सिएटलला तेवीस दिवस राहून आलो. परतल्यापासून जो भेटतो तो "स्वर्गच की हो तो" असे स्वतःच म्हणून मोकळा होतो आणि मीही मान डोलावतो. इथे मात्र स्पष्ट लिहितो, की मला ते शहर आवडले नाही.

पावसाला भिणारा माणूस मी नव्हे. माझे बालपण खानापूर तालुक्यात गेले. पाठीवर इरले घेऊन भाताची लावण करणारी माणसे पाहत मी शाळेला जात असे, आणि आषाढात आठ-आठ दिवस सूर्याचे तोंड न दिसणे यात आम्हाला नवल नव्हते. पण आपला पाऊस कोसळतो, ओढे भरतो आणि मग चार दिवस उघडीप देतो. तिथला पाऊस छत्री उघडण्याइतका पडत नाही आणि मिटण्याइतका थांबतही नाही. तिथले बहुतेक लोक छत्री घेतच नाहीत, टोपीचे जाकीट चढवून निघतात. मी बेळगावहून नेलेली लांब दांड्याची काळी छत्री उघडली, की जावई दुसरीकडे बघून हसत.

खरा त्रास अंधाराचा झाला. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य आठला पाच-दहा मिनिटे कमी असताना उगवतो आणि दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो. मधल्या वेळेतही तो ढगांमागेच असतो. एके दिवशी पत्नीने सव्वाचार वाजता देवापुढे दिवा लावला आणि "आता झोपेपर्यंत काय करायचे?" असे विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. शहराचा अभिमान असलेला रेनियर पर्वत ४,३९२ मीटर उंच आहे, असे मुलगी रोज सांगे. मला तो तेवीस दिवसांत फक्त मोटारींच्या नंबरप्लेटवर दिसला.

शहापूरची लेक

काका, राग मानू नका, पण आपण मे महिन्यात गोकाकचा धबधबा पाहून "इथे पाणीच नाही" म्हणणाऱ्यांसारखे लिहिले आहे. मी त्या शहरात सहा वर्षे काढली आहेत. तिथे वर्षाला साधारण ९५० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा कमीच. फरक एवढाच, की तो सुमारे १५० दिवसांवर पसरलेला असतो आणि त्यातला मोठा वाटा नोव्हेंबर ते जानेवारीत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आकाश कोरडे असते, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि कामावरून परत येताना अचानक समोर संपूर्ण रेनियर उभा दिसतो. त्या दिवशी लिफ्टमध्ये अनोळखी माणसेही एकमेकांना "आज पर्वत निघालाय" असे सांगतात. आपण चुकीच्या महिन्यात गेलात, त्याचा दोष शहराला देऊ नये.

टिळकवाडीकर

ताई, गोकाकचा दाखला अर्धाच लागू पडतो. मे महिन्यात कोणताही गोकाककर "या, धबधबा पाहायला या" असे बोलावत नाही. शिवाय धबधबा काही कोणाचे घर नव्हे. शहर बारा महिन्यांचे असते आणि तिथली माणसे डिसेंबरही तिथेच काढतात. माझी मुलगीही काढते. तिच्या टेबलावर एक पांढराशुभ्र प्रकाशाचा दिवा आहे, त्यासमोर ती सकाळी अर्धा तास बसते. सूर्याऐवजी दिवा विकत घ्यावा लागतो ते गाव मला आवडावे, असा आग्रह का?

जांबोटीचा वाटसरू

मला टिळकवाडीकरांची नावड मान्य आहे, पण "आपला पाऊस" आणि "तिथला पाऊस" ही विभागणी पटत नाही. पश्चिमेच्या समुद्रावरून बाष्प येते, वाटेतले डोंगर ते अडवतात आणि पलीकडच्यांच्या वाट्याला उरलेले येते, ही रचना दोन्हीकडे एकच आहे. कणकुंबीला धो-धो कोसळते आणि त्याच जिल्ह्यातले अथणी पावसाची वाट बघत बसते. तिथे ऑलिंपिक पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर, 'हो' नावाच्या नदीच्या अरण्यात, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या रांगेच्या आडोशाला असल्यामुळेच सिएटल तेवढ्यावर सुटते. म्हणजे तुमच्या वाट्याला जी रिपरिप आली, ती सह्याद्रीने अडवलेल्या पावसाची बहीणच म्हणायची.

त्या पावसाला काम नाही असे तुमच्या लिहिण्यातून ध्वनित होते, तेही बरोबर नाही. शहरात रिपरिप असते तेव्हा पूर्वेच्या कॅस्केड पर्वतांवर बर्फ साठत असतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात तेच वितळून नळाला येते. आपले पाणी धरणात साठते, त्यांचे बरेचसे डोंगरावर, एवढाच काय तो भेद.

निपाणीच्या मावशी

मी मुलाकडे पोर्टलँडला हिवाळ्यात दोन महिने राहिले आहे. पाऊस असाच, अंधारही थोडाफार असाच. मला भूगोल कळत नाही, पण टिळकवाडीकर दादांनी निदान चुकीचे केले आहे, एवढे कळते. दादा, तुम्हाला सूर्य आठवत नव्हता, तुम्हाला खडेबाजार आठवत होता. सायंकाळी पाच वाजता पिशवी घेऊन बाहेर पडावे, भाजीवालीशी चार शब्द बोलावेत, वाटेत कोणी "काय सर, किती दिवसांनी?" म्हणावे, हे तिथे नव्हते. मुलगी-जावई कामावर, दाराबाहेर ओला रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकही माणूस आपल्या ओळखीचा नाही. जुलैत गेला असता तरी रात्री नऊपर्यंत लख्ख उजेडात तुम्ही एकटेच बसला असता, आणि तेव्हा इथे तक्रार उजेडाची आली असती.

शहापूरची लेक

मावशींशी मी निम्मी सहमत आहे. पण बाजार तिथेही आहे. पाइक प्लेस मार्केट १९०७ पासून चालू आहे, आणि तिथे मासळीवाले गिऱ्हाइकाने निवडलेला अख्खा मासा हवेत फेकून एकमेकांकडे पोहोचवतात. काका, तुम्ही तिथे गेला होतात का?

टिळकवाडीकर

गेलो होतो. मासा उडताना पाहिला, टाळ्याही वाजवल्या. पण मासा घेणारा एक आणि फोटो काढणारे चाळीस होते, त्यामुळे तो बाजार आहे की खेळ, हे ठरवता आले नाही.

मावशींचे म्हणणे मात्र मनाला लागले. रोज सायंकाळी पाचला मी खिडकीपाशी उभा राहत असे, हे पत्नीने आत्ताच आठवण करून दिले. तरीही अंधार हे केवळ निमित्त होते, हे मी मान्य करणार नाही. ओळखीची माणसे नसली तरी उजेडात माणूस निदान फिरायला जातो. आणि प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. बेनब्रिज बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीवर आम्ही पस्तीस मिनिटे बसलो होतो. बाहेर समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे, मधली रेषा पुसून गेलेली. समोरच्या बाकावर एक म्हातारा कोणाचा तरी अर्धवट ठेवलेला चित्रांचा कोडेखेळ लावत होता. पत्नी उठून त्याच्या शेजारी बसली आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत दोघांनी, एक शब्दही न बोलता, एक कोपरा पुरा केला. ती पस्तीस मिनिटे मला आवडली.

शहापूरची लेक

मग येत्या जुलैचे तिकीट काढा, काका. परत येऊन पुन्हा लिहा, मी वाचेन.

टिळकवाडीकर

मुलगीही तेच म्हणते. पण जुलैत खानापूरच्या शेतात लावण असते, भाऊ एकटा पडतो.

निपाणीच्या मावशी

आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती असतील.

टिळकवाडीकर

आहेतच की हो, मावशी.