जुन्या हॅचबॅकची मागची काच बदलायची आहे : रबर, गंज आणि डिफॉगरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार,

गाडी नव्वदच्या दशकातली छोटी हॅचबॅक आहे. या मॉडेलचं उत्पादन कधीच थांबलंय. इंजिन ठणठणीत आहे, रोजच्या वापरात आहे आणि अजून बरीच वर्षं चालवायची इच्छा आहे. वडिलांनी घेतलेली गाडी, मी हिच्यावरच शिकले. त्यामुळे "एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला" हा सल्ला कृपया नको.

आता मुद्दा. मागच्या दाराची काच फुटली. दगड लागला नाही, कुणी धडकलं नाही. गाडी उन्हात उभी होती, सामान ठेवून दार नेहमीसारखं लावलं आणि फटाक्यासारखा आवाज झाला. बघते तर अख्ख्या काचेवर बारीक जाळी. आतून जुनी सन फिल्म चिकटवलेली आहे, म्हणून काच अजून जागेवर उभी आहे. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक पडलंय आणि तिथून ज्वारीएवढे तुकडे डिकीत सांडताहेत.

ही काच रबरात बसवलेली आहे, चिकटवलेली नाही. बाहेरून रबराच्या खाचेत चंदेरी पट्टी आहे. काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, तांबूस रेघा आहेत, दोन्ही कडांना त्याच्या वायरी जोडल्या आहेत. मागचा वायपर आहे, पण त्याचा दांडा काचेतून नाही, खालच्या पत्र्यातून बाहेर येतो.

भोक पडलेल्या कोपऱ्यातला रबराचा ओठ बोटाने वर करून पाहिला. खाली रंगाला फोड आलेत. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं खरवडलं तर तपकिरी पापुद्रे निघाले. पत्र्याला आरपार भोक नाही, पण ज्या कडेवर रबर बसतं ती कड तिथे फुगलेली, खडबडीत झाली आहे. बाकी तीन कोपरे वरवर बरे दिसताहेत. रबराखाली काय आहे ते काच काढल्यावरच कळेल.

दोन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं, मापाने साधी काच कापून बसवून देतो, काम तासाभराचं. दुसरा म्हणाला, गंजाकडे बघू नका, वरून भरपूर सिलिकॉन भरू, पाणी येणार नाही. दोन्ही ऐकून मन धजावलं नाही.

काचेचे पर्याय असे आहेत. एक नवी काच मिळतेय, आकार तोच, टफन्डचा (तापवून मजबूत केलेल्या काचेचा) शिक्का आहे, पण डिफॉगर नाही. दुसरी काच भंगारात निघालेल्या याच मॉडेलच्या गाडीवरची, मूळ कंपनीची, डिफॉगरसकट. तिच्या एका रेघेवर ओरखडा आहे आणि आतून फिल्म चिकटलेली आहे. रबर मात्र नवं मिळतंय.

पावसात आणि थंडीत मागची काच धुकटते तेव्हा डिफॉगरशिवाय मागचं काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून माझा कल जुन्या काचेकडे आहे. पण ती चालू आहे की नाही हे बसवण्याआधी कसं तपासायचं? गंजाचं काम किती खोलवर करावं? आणि काच येईपर्यंत गाडी अशीच चालवली तर चालेल का? घरी आम्ही दोघं-तिघं हाताखाली आहोत, अवजारं बरी आहेत, शिकायची तयारी आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. अशी गाडी चालवू नका. ती जाळी फक्त फिल्मच्या गोंदावर उभी आहे, एका खड्ड्यात आत कोसळेल. आणि काच काढून मागचं तोंड उघडं ठेवून चालवणं त्याहून वाईट. गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि उघड्या तोंडातून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. चालवणाऱ्याला नुसतं डोकं जड झाल्यासारखं वाटतं. अगदीच गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी हवाबंद चिकटवा, पुढच्या खिडक्या उघड्या ठेवा, ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा लावा आणि जवळच्या रस्त्याने सावकाश जा. चिकटपट्टी रंगावर उन्हात राहू देऊ नका, गोंद निघता निघत नाही.

साध्या काचेचा पर्याय डोक्यातून काढूनच टाका. मागची काच टफन्ड असते. ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड केलेली. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि आतला ताणाखाली. फुटली की सगळा ताण एकदम सुटतो आणि बोथट दाणे होतात, जे तुमच्या डिकीत पडलेत. साध्या काचेचे मात्र सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात, आणि मागच्या सीटवर माणसं बसतात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून "मापाने कापून देतो" म्हणणारा टफन्ड देत नाहीये हे नक्की. पुढच्या काचेचा टवका राळ भरून दुरुस्त होतो, कारण ती लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर. इथे तो उपाय लागू नाही, बदलणं हाच मार्ग.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षं जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की काच गंजानेच फोडली असावी. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा घेतं. रबराच्या खाचेत ती जागा नसते, मग दाब थेट काचेच्या कडेवर येतो. टफन्ड काच मधोमध चांगला मार सोसते, कड मात्र तिचं मर्म. त्यात ऊन, वर दाराचा दणका. भोकही नेमकं त्याच कोपऱ्यात आहे. म्हणून कळकळीने सांगतो, गंज तसाच ठेवून नवी काच बसवलीत तर तीही जाईल.

काढताना जुनं रबर वाचवू नका. बाहेरून काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावा, डिकीत जुनी चादर अंथरा. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा. डिफॉगरच्या वायरी सोडवून मग बाहेरच्या बाजूने धारदार कटरने रबराचा ओठ चारही बाजूंनी कापा. फिल्ममुळे काच बरीचशी एकसंध निघेल. राहिलेले दाणे स्टेपनीच्या खड्ड्यात, दाराच्या लॉकमध्ये आणि मागच्या सीटबेल्टच्या गुंडाळीत शिरतात. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून व्हॅक्यूम करा. पट्ट्यात अडकलेला दाणा दर वेळी धागे कापत राहतो.

मग गंज. पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, नंतर पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, आणि फोड आलेल्या जागेच्या पुढे चांगला रंग लागेपर्यंत जा. गंज नेहमी दिसतो त्यापेक्षा लांब पसरलेला असतो. खळग्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन), त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), मग रंग. प्रत्येक थर डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या, घाई इथेच नडते. कड पातळ झाली असेल किंवा टोचणीने आरपार जात असेल तर पुटी भरू नका, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. पुटीवर रबराची पकड बसत नाही.

सिलिकॉनबद्दल : व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ आणूच नका. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि उघड्या लोखंडाला आणखी गंज चढतो. शिवाय पुढे रंग द्यायची वेळ आली तर त्या जागेवर रंग धरत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गाडी जागच्या जागी उभी केली आहे. काच काढली. खालची जवळजवळ अर्धी कड गंजलेली निघाली, वरची बाजू स्वच्छ. आरपार कुठेही नाही. जुनं रबर कोपऱ्यांत इतकं कडक झालं होतं की वाकवलं तर तडकत होतं, पाणी तिथूनच आत जाऊन साचत असणार. घासून प्रायमर मारला आहे. आता डिफॉगरची जुनी काच घ्यावी का, एवढं सांगा.

प्रतिसाद ३

घ्या, पण बाहेर टेबलावर तपासून. काच ब्लँकेटवर ठेवा, कडांना नखाने चाचपून कुठे टवका आहे का पाहा. कडेला टवका असेल तर बाकी कितीही चांगली असली तरी परत करा. शिक्का बघा, मूळ कंपनीचा आणि टफन्ड असा उल्लेख हवा. वर्तुळात E आणि शेजारी 43R असेल तर ती सुरक्षा काचेच्या आंतरराष्ट्रीय नियमाची खूण.

मग १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज घालून, दोन्ही कडांच्या पट्ट्यांना जोडा. थोड्या वेळाने काचेवर तोंडाची वाफ सोडा. चालू रेघांभोवतीचं धुकं आधी विरतं, तुटलेल्या रेघेभोवती तसंच राहतं. नेमकं कुठे तुटलंय ते मल्टीमीटरने सापडतं : काळी टोचणी निगेटिव्ह पट्टीवर ठेवा, लाल रेघेवरून सरकवा. चांगल्या रेघेत आकडा १२ पासून शून्यापर्यंत हळूहळू उतरतो, मधोमध सहाच्या आसपास येतो. तुटलेल्या रेघेत तो एका जागी एकदम पडतो. तीच जागा.

फिल्म काढताना ब्लेड लावू नका, रेघा आतल्या बाजूलाच छापलेल्या असतात, ब्लेडबरोबर निघून येतील. वाफ द्या किंवा गरम साबणाच्या पाण्यात फडकी भिजवून ठेवा आणि रेघांच्या दिशेने, आडवी, सावकाश ओढा. उरलेला गोंद मऊ कापडाने.

आणखी एक. काचेला दोष देण्याआधी वायरी तपासा. छत आणि मागचं दार यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरी जातात. दार हजारो वेळा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात, बाहेरून नळी अखंड दिसते. डिफॉगर बराच करंट ओढतो, अर्धवट तुटलेली वायर तिथे तापते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

बसवायची पद्धत सांगतो. नवं रबर कोमट पाण्यात किंवा उन्हात ठेवून मऊ करा. आधी रबर काचेवर चढवा. पत्र्याच्या कडेवर बसणाऱ्या खाचेत नायलॉनची दोरी पूर्ण गोल फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून थोडी पुढे जाऊ द्या आणि आत लोंबत ठेवा. खाचेला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. आता एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरीचं टोक काचेच्या मध्याकडे ओढायचं. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ कडेवरून आत उलटतो. बाहेरचा तळवा आणि आतली दोरी नेहमी एकाच जागी हवेत, पुढे-मागे झाले की ओठ फाटतो. कोपऱ्यात अडलं तर जोर करू नका, थांबा, पुन्हा साबण लावा. काचेवर ठोसा किंवा हातोडी कधीच नाही. चंदेरी पट्टी सगळ्यात शेवटी. तिने रबर फुगून काच आवळली जाते, म्हणून ती बसेपर्यंत दार आपटू नका.

धागाकर्ती

काच बसली! जुनीच घेतली, कडा स्वच्छ होत्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात ओठ अडला होता, थांबून साबण लावल्यावर सरकन आत गेला. तुम्ही म्हणालात त्या रबरी नळीत खरंच एक वायर तुटलेली सापडली, जोडून घेतली. बाकी सगळ्या रेघा चालू आहेत, ओरखड्याची एक सोडून.

पाण्याची चाचणी मात्र फसली असं वाटलं. पाइपने पाणी सोडल्यावर डिकीत ओल आली. मग खालून वर, एकेक भाग करत पाणी सोडलं आणि आत एकाला टॉर्च देऊन बसवलं. काच कोरडी. पाणी वायपरच्या दांड्याभोवतीच्या रबरी वायसरमधून येत होतं, तो पार झिजलाय. नवा मागवला आहे. जुन्या गाडीत पाणी शोधणाऱ्यांनी तोही बघावा.

त्या एका रेघेचं काय करावं?

प्रतिसाद ३

चांदीचे कण असलेला, वीज वाहणारा डिफॉगर दुरुस्तीचा रंग मिळतो. तुटलेली जागा स्पिरिटने पुसा, रेघेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून रेघेएवढीच फट ठेवा, दोन्ही बाजूंना चांगल्या रेघेवर थोडा चढेल असा पातळ हात मारा. वाळला की दुसरा. पट्टी रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर रंग सोबत उचलला जातो. पूर्ण वाळेपर्यंत डिफॉगर लावू नका. आणि आता त्या काचेवर आतून परत फिल्म चिकटवू नका.